बारावीनंतर मुलीला पदवीसाठी इटलीतील बोलोन्याला पाठवावे का?

तुमची मुलगी नुकतीच बारावी झाली आहे, बोलोन्या विद्यापीठात इंग्रजी माध्यमातून अर्थशास्त्राची तीन वर्षांची पदवी घ्यावी असे तिच्या मनात आहे, आणि अठराव्या वर्षी इतक्या लांबच्या शहरात तिचा निभाव लागेल का, असे तुम्ही विचारले आहे. मी स्वतः साताऱ्याहून बारावीनंतर तिथेच शिकायला गेले होते, म्हणून अनुभवावरून सांगते की तिला अवश्य पाठवा. मात्र विमानात बसण्याआधी राहण्याची जागा आणि कामापुरते इटालियन, या दोन्हींची तयारी झालेली असू द्या.

आधी जागेविषयी लिहिते, कारण तिथेच मुले सर्वाधिक अडतात. बोलोन्या हे परगावच्या विद्यार्थ्यांनीच घडवलेले शहर आहे. विद्यापीठाची स्थापना १०८८ मध्ये झाली असे मानले जाते. कायदा शिकायला आल्प्सपलीकडून आलेल्या तरुणांनी आपापल्या प्रदेशाचे संघ बांधले, शिक्षकांना मानधन तेच देत आणि तासाला उशिरा आलेल्या शिक्षकाला दंडही तेच करत. विद्यार्थी आणि कामधंद्यासाठी आलेली माणसे वाढत गेली तशी घरे अपुरी पडू लागली, लोकांनी वरचे मजले खांबांच्या आधाराने रस्त्यावर पुढे काढले, आणि १२८८ मध्ये नगरशासनाने प्रत्येक नव्या घराला अशी पडवी सक्तीची केली. या पडव्यांची एकूण लांबी आज सुमारे ६२ किलोमीटर भरते आणि २०२१ पासून त्या युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. त्यांच्या मुळाशी असलेली जागेची टंचाई मात्र अजून संपलेली नाही. सप्टेंबरमध्ये जाऊन खोली शोधू असे मनात आणू नका; तिथल्या उन्हाळ्यातच शोध सुरू करा आणि भाडेकरार सरकारदरबारी नोंदवलेला आहे याची खात्री झाल्याखेरीज अनामत रक्कम देऊ नका. माझ्या पहिल्या घरमालकाने करार नोंदवतो म्हणून सांगितले आणि तो कधीच नोंदवला नाही. तिथल्या प्रांताकडून मिळणाऱ्या शिष्यवृत्तीची पूर्ण रक्कम बाहेरगावच्या विद्यार्थ्याला मिळते, पण त्यासाठी किमान दहा महिन्यांचा नोंदणीकृत करार दाखवावा लागतो. तो नसल्यामुळे त्या वर्षी मला रोज ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याइतकीच रक्कम मिळाली आणि उरलेले भाडे वडिलांना भरावे लागले.

ही शिष्यवृत्ती एमिलिया-रोमान्या प्रांताची एर-गो ही संस्था देते, आणि पहिल्या वर्षी ती गुणांपेक्षा कुटुंबाच्या उत्पन्नावर व मालमत्तेवर ठरते. विद्यापीठाचे शुल्कही उत्पन्नानुसारच आकारले जाते. त्यासाठी आपल्याकडचे उत्पन्नाचे आणि मालमत्तेचे कागद अपॉस्टिल करून (म्हणजे परदेशात ग्राह्य धरला जाणारा सरकारी शिक्का घेऊन), इटालियन भाषांतरासह द्यावे लागतात, आणि या सगळ्याला महिने लागतात. तहसील कार्यालयातील उत्पन्नाच्या दाखल्यासाठी प्रवेशाची वाट न पाहता आताच अर्ज करा.

अभ्यासात सर्वात नवी वाटते ती तोंडी परीक्षा. माझ्या पहिल्याच परीक्षेत प्राध्यापकांनी कोरा कागद पुढे सरकवला आणि मागणीचा वक्र, म्हणजे किंमत आणि मागणी यांचा संबंध दाखवणारी रेषा, काढायला सांगितला. मागच्या बाकांवर आपली पाळी येण्याची वाट पाहणारी मुले बसून ऐकत होती. वक्र काढून झाल्यावर प्राध्यापकांनी विचारले, "हा खाली का उतरतो?" मी पुस्तकातली पाठ केलेली व्याख्या सांगितली. त्यांनी पुन्हा विचारले, "पण का?" तिसऱ्यांदा तोच प्रश्न आला तेव्हा माझ्याजवळ सांगण्यासारखे काही उरले नव्हते. गुण तीसपैकी असतात आणि उत्तीर्ण होण्यासाठी १८ लागतात; त्यांनी २१ देऊ केले आणि ते घेणार का असे विचारले, कारण मिळालेले गुण नाकारून पुढच्या तारखेला पुन्हा परीक्षा देण्याची तिथे मुभा असते. मी नाकारले. पुढचे तीन आठवडे रोज संध्याकाळी एका मैत्रिणीला प्रत्येक संकल्पना मोठ्याने समजावून सांगितली, आणि दुसऱ्या खेपेला २७ मिळाले. बोर्डाच्या परीक्षेत चांगले गुण मिळवलेल्या मुलीला ही पद्धत सुरुवातीला जड जाते, पण विषय खरोखर समजतो तो त्यामुळेच, असे माझे ठाम मत आहे.

वर्गात इंग्रजी पुरते. घरमालकाशी, डॉक्टरांशी आणि निवास परवान्यासाठी पोलीस कार्यालयात मात्र इटालियनच लागते. इटलीत पोहोचल्यावर आठ दिवसांच्या आत त्या परवान्याचा अर्ज टपाल कार्यालयातून करावा लागतो, आणि तो भरतानाच भाषेची पहिली अडचण जाणवते. आतापासून रोज एक तास दिला तरी सहा महिन्यांत निभावण्यापुरती भाषा येते.

ती एकटी पडेल का, हा तुमच्या मनातला खरा प्रश्न असावा. पहिले दोन-तीन महिने तसे वाटेल. माझे दिवस पियात्सा माज्जोरे या मुख्य चौकालगतच्या सालाबोर्सा ग्रंथालयात गेले, जिथे जमिनीत बसवलेल्या काचेखाली रोमन काळातल्या नगराचे अवशेष दिसतात. तिथे रोज त्याच टेबलाशी बसणाऱ्या मुलींशी आधी नजरेची ओळख झाली, मग कॉफीची, आणि पुढे रविवारी ६६६ कमानींखालून सान लुका या चर्चच्या टेकडीवर चढून जाण्याचा आमचा परिपाठच झाला. खरी कठीण वेळ नाताळची असते, कारण इटालियन मुले आपापल्या गावी जातात आणि सगळे घर एकदम रिकामे होते. तिकिटाचा खर्च झेपत असेल तर पहिल्या वर्षी तिला तेवढे दोन आठवडे घरी बोलावून घ्या. फक्त जानेवारीत परीक्षा सुरू होतात, तेव्हा सामानात पुस्तके असू द्या.