सीझर-पॉम्पेची 'यादवी' चालेल का?

प्रश्न असा आला आहे: "रोमच्या इतिहासावरच्या एका मराठी लेखात 'सीझर आणि पॉम्पे यांच्यातील यादवी' असं वाचलं. यादव म्हणजे कृष्णाचं कुळ. त्यांचं नाव रोमन सेनापतींच्या भांडणाला कसं लावता येईल? सरळ 'गृहयुद्ध' का म्हणू नये?"

चालतं, आणि झकास चालतं. अमेरिकेतल्या १८६१ ते १८६५ च्या युद्धाला मराठीत आपण यादवी युद्ध म्हणतोच, आणि तिथे तरी कोण यादव होते? पण शब्दाच्या मुळाशी जाऊन आलं तर तो रोमला किती चपखल बसतो तेही दिसतं.

महाभारताच्या मौसल पर्वात प्रभासक्षेत्री यादव दारू पिऊन बसले आहेत. सात्यकी कृतवर्म्याला टोमणा मारतो, झोपलेल्यांना मारणारा तू. कृतवर्मा लगेच भूरिश्रव्याचं नाव काढतो: हात तुटून प्रायोपवेशनाला बसलेल्याचा गळा कुणी कापला? दोघे कुरुक्षेत्रावर समोरासमोरच्या बाजूंना होते आणि त्याला छत्तीस वर्षं लोटली होती. सात्यकी उठतो, कृतवर्म्याचं डोकं उडवतो, आणि मग जो तो हाताला लागेल ते लव्हाळं उपटून शेजाऱ्यावर तुटून पडतो. सत्तेचा प्रश्नही नव्हता. जुनं उट्टं होतं, एवढंच.

आता रोमचे दोन सेनापती, मारियस आणि सुल्ला. इ.स.पू. १०५ मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या नुमिडियाचा राजा जुगुर्था पकडला गेला. सरसेनापती मारियस, त्यामुळे विजयाची मिरवणूक त्याची. पण जुगुर्थाला प्रत्यक्ष ताब्यात घेणारा त्याच्या हाताखालचा सुल्ला. सुल्लाने त्या प्रसंगाचं चित्र कोरलेली अंगठी करून घेतली आणि पत्रांवर तिचीच मोहोर उठवू लागला. मारियसला काय वाटत असेल! सतरा वर्षांनी, इ.स.पू. ८८ मध्ये, पोंटसच्या मिथ्रिडेटीसवरची मोहीम कॉन्सल (रोमचा वर्षभरासाठी निवडलेला सर्वोच्च अधिकारी) म्हणून सुल्लाच्या वाट्याला आली, तर सत्तरीला टेकलेल्या मारियसने एका ट्रिब्यूनला, म्हणजे सामान्य जनतेच्या निवडून आलेल्या प्रतिनिधीला, हाताशी धरून ती आपल्याकडे वळवून घेतली. सुल्ला दक्षिण इटलीतल्या नोलाहून सहा लीजन (रोमन फौजेच्या मोठ्या पलटणी) घेऊन थेट रोमवरच निघाला. एक सोडून बाकीचे वरिष्ठ अधिकारी त्याला सोडून गेले, पण शिपाई राहिले. स्वतःच्याच शहरावर हत्यारं घेऊन का चाललास, असं विचारायला आलेल्यांना त्याने सांगितलं, जुलमी लोकांच्या तावडीतून शहराला सोडवायला.

इथे मला 'यादवी'चं क्रियापद महत्त्वाचं वाटतं. युद्ध पुकारतात, यादवी माजते. बेबंदशाही माजते, अनागोंदी माजते, तशीच. मी यादवी करायला निघालो, असं कुणी म्हणत नाही. रोमन लोकही म्हणत नव्हते. इ.स.पू. ३२ मध्ये सीझरचा वारस ऑक्टेव्हियन याला लढायचं होतं ते सीझरचा जुना सरदार मार्क अँटनी याच्याशी, पण त्याने युद्ध पुकारलं ते इजिप्तच्या एकट्या राणी क्लिओपात्रावर, परकीय शत्रूसाठी असलेल्या जुन्या भालाफेकीच्या विधीसकट. रोमन माणसांवर मिळवलेल्या विजयाची मिरवणूक काढू नये असा संकेतही होता. म्हणून इ.स.पू. ४६ मध्ये सीझरने चार मिरवणुका काढल्या त्या गॉल, इजिप्त, पोंटस आणि आफ्रिकेच्या नावाने. पॉम्पेवरच्या विजयाची एकही नाही.

नात्यांचंही तेच. इ.स.पू. ५९ मध्ये सीझरची मुलगी ज्यूलिया पॉम्पेच्या घरी दिली, म्हणजे हे सासरा-जावई. (जावई सासऱ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा!) ज्यूलिया ५४ मध्ये बाळंतपणात गेली आणि मधला दुवा तुटला. फार्सेलसच्या लढाईत सीझरकडून झालेल्या पराभवानंतर पॉम्पेला इजिप्तच्या किनाऱ्यावर मारून त्याचं मुंडकं सीझरपुढे आणलं तेव्हा त्याने तोंड फिरवलं, पण जावयाची मोहोरेची अंगठी घेतली आणि तो रडला. अँटनी तर ऑक्टेव्हियनच्या बहिणीचा नवरा. कुळातल्या कुळात कापाकापी हा 'यादवी'तला अर्थ इथे पुरेपूर उतरतो. 'गृहयुद्ध' चूक नाही, पण ते मला बातमीपत्रातलं वाटतं.

अशा युद्धासाठीच्या 'बेलुम किविले' या लॅटिन शब्दांचा नेमका अर्थ नागरिकानागरिकांतलं युद्ध. म्हणून काही जण 'नागरी युद्ध' लिहितात. 'समान नागरी कायद्या'त तो 'नागरी' शोभतो, युद्धाला लावला की मात्र पाण्याच्या टँकरवरून सोसायट्यांत जुंपल्यासारखं वाटतं. मी टाळतो.

'भाऊबंदकी' मात्र एका ठिकाणी जरूर वापरावी. तिला वाटणीचा वाद लागतो. वतन, गादी, निदान शेताचा बांध तरी. सीझर-पॉम्पेत तसं काही नव्हतं. पण सीझरच्या खुनानंतर मृत्युपत्र उघडलं तर मुख्य वारस निघाला बहिणीचा नातू, अठरा वर्षांचा ऑक्टेव्हियन. रोकड आणि कागदपत्रं आधीच अँटनीच्या ताब्यात, आणि तो द्यायला तयार नाही. मृत्युपत्रात नागरिकांना माणशी तीनशे सेस्टर्स (रोमन नाणी) द्यायचे लिहिले होते, ते भागवायला पोराने मालमत्ता विकायला काढली. याला भाऊबंदकी नाही तर काय म्हणणार? पुढे फौजा उतरल्या तेव्हा तिची यादवी झाली.

जाता जाता, याच काळातल्या इ.स.पू. ९१ च्या युद्धाचं इंग्रजी 'सोशल वॉर'वरून भाषांतर करताना 'सामाजिक युद्ध' होऊन बसतं. तिथे समाजाचा संबंध नाही. लॅटिनमध्ये 'सोकियुस' म्हणजे सोबती, दोस्त राज्य. नागरिकत्व मागणाऱ्या इटलीतल्या दोस्तांनी रोमविरुद्ध केलेला उठाव तो. 'दोस्तांचं युद्ध' म्हणा. सुल्लाची फौज नोलाला तळ देऊन बसली होती ती त्याच युद्धाचं शेपूट निस्तरायला.