उतारावर थांबते, चढावर सरकते : मॉरिस मायनरचा हँडब्रेक

प्रश्न : माझ्याकडे आजोबांच्या वेळची १९६० सालची मॉरिस मायनर १००० आहे. गाडीचे तोंड उताराकडे असेल तर हँडब्रेकवर ती जागची हलत नाही; मात्र तोंड चढाकडे करून उभी केली की हळूहळू मागे सरकते. पन्हाळ्याला जाताना वाटेत थांबायचे झाले, तर मुलाला दगड घेऊन आधी उतरावे लागते. गॅरेजमध्ये दर वेळी केबल आवळून देतात आणि थोडे दिवस बरे जातात. आता लिव्हर शेवटच्या दातापर्यंत येते, शिवाय मागचे डावे चाक तापू लागले आहे. पायाचा ब्रेक उत्तम लागतो. केबल नवीन घालावी असे फिटरचे म्हणणे आहे. ती मागवू का?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : केबल मागवण्याची घाई करू नये. उताराकडे तोंड असताना गाडी थांबते आणि चढाकडे असताना सरकते, हे आपण सहज लिहून गेलात; पण दुखणे कोठे आहे हे सांगणारी सर्वांत मोलाची खूण तीच आहे. केबल झिजली किंवा ताणली गेली असती, तर गाडी दोन्ही दिशांना सारखीच सरकली असती.

मायनरच्या मागच्या प्रत्येक चाकात, चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमच्या आत, दोन ब्रेक शू (ड्रमला आतून दाबणाऱ्या अर्धगोल पट्ट्या) आणि एकच पिस्टन असलेला एक सिलिंडर असतो. पिस्टन बाहेर येतो तो एका शूला, म्हणजे लीडिंग शूला, ड्रमवर दाबतो, आणि त्याच्या उलट धक्क्याने सिलिंडर स्वतः बॅकप्लेटच्या (ड्रममागच्या स्थिर पत्र्याच्या) खाचेत मागे सरकून दुसऱ्या शूला दाबतो. हँडब्रेकची छोटी लिव्हर याच सिलिंडरमध्ये बसवलेली असते आणि तीही याच पद्धतीने काम करते. म्हणजे सिलिंडर खाचेत मोकळेपणाने सरकला तरच दोन्ही शू लागतात. गंज आणि चिखल यांमुळे तो जाम झाला की एकटा लीडिंग शू उरतो. चाक पुढे फिरू पाहत असेल, तर ड्रम त्या शूला आपल्याबरोबर ओढून आणखी घट्ट बसवतो, म्हणून उताराकडे तोंड करून उभी केलेली गाडी थांबते. चाक मागे फिरू लागले की ही मदत उलटी होते, ड्रम त्याच शूला ढकलून सैल करू पाहतो, आणि दुसरा शू तर लागलेलाच नसतो. आपली गाडी चढावर मागे सरकते ती यामुळे. पायाचा ब्रेक चांगला लागतो म्हणून मागची चाके निर्दोष ठरत नाहीत, कारण तो चारही चाकांवर चालतो आणि पुढची चाके बरेचसे झाकून नेतात.

केबल वारंवार आवळल्याने मूळ दोष तसाच राहिला आणि वर दुसरा आला. केबल नको इतकी ताणली की लिव्हर पूर्ण सोडली तरी शू आपल्या विसाव्याच्या जागी परतत नाहीत, ड्रमला घासत राहतात आणि चाक तापते. म्हणून पहिले काम केबल आवळण्याचे नाही, तर दोन्ही चाकांकडे जाणाऱ्या केबली पूर्ण सैल करण्याचे आहे.

हे काम सपाट जागेवरच करावे. हँडब्रेक सोडलेला आणि गिअर न्यूट्रलमध्ये असणार, तेव्हा पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावावेत, आणि मागचा भाग उचलल्यावर ॲक्सलखाली स्टँड दिल्याशिवाय नुसत्या जॅकच्या भरवशावर हात घालू नये. ड्रम काढल्यावर आतली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवण्याची सवय आपल्याकडे फार आहे. जुन्या लायनिंगमध्ये (शूवरच्या घासणाऱ्या थरात) ॲस्बेस्टॉस असते आणि ती धूळ फुप्फुसात जाणे घातक असते, म्हणून ती ओल्या फडक्यानेच पुसावी.

ड्रम निघाला की आधी ओल पाहावी. लायनिंग किंवा बॅकप्लेट काळपट, चिकट दिसत असेल तर बोटावर थोडे घेऊन वास घ्यावा. गंधकासारखा उग्र वास आणि जाडसर चिकटपणा असेल तर ते ॲक्सलचे ऑइल असून हबच्या सीलमधून आले आहे; पातळ असून पाण्याने सहज धुतले जात असेल तर तो ब्रेक फ्लुइड आहे, म्हणजे सिलिंडरचे रबर गेले आहे. ॲक्सलचे ऑइल येत असेल, तर सील बदलण्याआधी ॲक्सलचा ब्रीदर (हवा बाहेर जाण्याचे तोंड) चोंदला आहे का आणि ऑइल पातळीच्या वर भरले आहे का हे पाहावे, नाहीतर नवे सीलही गळेल. तेल प्यायलेले लायनिंग पेट्रोलने धुऊन किंवा जाळून परत बसवण्याचा उद्योग करू नये. ते बदलावेच, आणि दोन्ही चाकांचे एकदम बदलावे.

मग शू काढून, पिस्टन बाहेर येऊ नये म्हणून त्याला तार बांधून, सिलिंडर हाताने खाचेत सरकवून पाहावा. तो हलला नाही, तर निदान पक्के झाले. तो काढून बॅकप्लेटची खाच तारेच्या ब्रशने आणि बारीक कानशीने गंज निघेपर्यंतच साफ करावी. खाच रुंद झाली तर सिलिंडर तिरका चालतो. बसवताना ब्रेकसाठी मिळणारे ग्रीस अगदी पातळ लावावे, कारण साध्या ग्रीसने रबर फुगते. सिलिंडरच्या मागचे रबरी बूट फाटलेले असेल तर तेही बदलावे. पाणी आत शिरते ते तिथूनच, आणि कोल्हापूरच्या पावसात तेवढी फट पुरते.

सिलिंडरला आतून खड्डे पडले असतील, तर उद्यमनगरात लेथवर बोअर करून स्टीलची स्लीव्ह घालून देणारे कुशल कारागीर मिळतील. तरीही मी नवा सिलिंडर घ्यायला सांगेन. मायनरचे ब्रेकचे सुटे भाग ब्रिटनमध्ये आजही मिळतात, आणि ब्रेकच्या बाबतीत वाचवलेले पैसे मला कधी वाचल्यासारखे वाटत नाहीत. फ्लुइडची लाइन उघडल्यामुळे शेवटी तिच्यात शिरलेली हवा काढावी लागेल. मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर चाकांकडे फ्लुइड ढकलणारा मुख्य सिलिंडर) ड्रायव्हरच्या पायाखाली असल्याने त्यातला फ्लुइड संपत आल्याचे लक्षात येत नाही, तेव्हा मधूनमधून झाकण काढून पाहावे.

आता ॲडजस्टमेंट. ड्रम बसवून चाक लावावे आणि चाकाची टोपी काढून ड्रमचे भोक ॲडजस्टरसमोर (शू ड्रमच्या जवळ आणणाऱ्या स्क्रूसमोर) येईल असे चाक फिरवावे. स्क्रू-ड्रायव्हरने ॲडजस्टर घड्याळाच्या दिशेने चाक जाम होईपर्यंत फिरवून एक खाच मागे घ्यावा आणि चाक मोकळे फिरते याची खात्री करावी. दोन्ही चाके अशी झाल्यावरच पुढच्या दोन सीटमधल्या लिव्हरकडे यावे. लिव्हर तिसऱ्या दातावर ओढून तिच्या बुडाशी असलेले दोन नट असे आवळावेत, की दोन्ही चाके हाताने फिरवताना सारखाच जोर लागेल. लिव्हर पूर्ण सोडली की दोन्ही चाके अजिबात न घासता फिरली पाहिजेत. एवढे करूनही नटाचे आटे संपत असतील किंवा केबल आपल्या नळीत अडकत असेल, तर मात्र आपल्या फिटरचे म्हणणे बरोबर आहे आणि केबल बदलावी.

पन्हाळ्यासारख्या ठिकाणी हँडब्रेक कितीही चांगला असला तरी तोंड चढाकडे असल्यास पहिला आणि उताराकडे असल्यास रिव्हर्स गिअर टाकून ठेवावा. मुलाच्या हातातला दगड इतक्यात फेकून देऊ नये.

प्रश्न : माझी जुनी ॲम्बॅसिडर पावसाळाभर हँडब्रेक लावून उभी होती. आता हँडब्रेक सोडला तरी मागची चाके फिरत नाहीत. इंजिनाच्या जोरावर सोडवू का?
— एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : नको. शू गंजाने ड्रमला चिकटले आहेत. जोर केल्यास लायनिंग शूवरून उखडून ड्रममध्ये अडकते आणि क्लचवर ताण येतो तो वेगळाच. चाक काढून ॲडजस्टर पूर्ण सैल करावा आणि ड्रमच्या कडेला लाकडी हातोड्याने सगळीकडून ठोकावे. बहुतेक वेळा तो सुटतो. नंतर ड्रम उतरवून आतला गंज पॉलिश पेपरने काढावा. गाडी २०१९ किंवा २०२१ च्या पुराच्या पाण्यात उभी राहिली असेल आणि त्यानंतर उघडली गेली नसेल, तर ॲक्सलचे ऑइल, बेअरिंगचे ग्रीस आणि ब्रेक फ्लुइड हे सर्व आताच बदलून घ्यावे. पुढच्या पावसाळ्यात गाडी गिअरमध्ये टाकून, चाकांना ठोकळे लावून, हँडब्रेक सोडून ठेवावी.