‘नुसतं चौकशीला नेलं होतं’

प्रश्न : ताई, मी नाशिकमध्ये सातपूरला कारखान्यात फिटर आहे. माझा 22 वर्षांचा मुलगा पार्सल पोचवायचं काम करतो. मोबाइल चोरीच्या संशयावरून पोलिसांनी त्याला रात्री साडेदहाला घरातून उचललं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सोडलं. कागद एकही दिला नाही. तळपायावर पट्ट्याने मारलंय. ठाण्यात विचारलं तर म्हणाले, ‘अटक कुठे केली? नुसतं चौकशीला नेलं होतं.’ घरचे म्हणतात, सुटला ना, गप्प बसा, नाहीतर आणखी कशात तरी गोवतील. तक्रारीने काही होतं का? — एक वडील

उत्तर : दादा, पत्र मिळालं त्याच संध्याकाळी मी तुम्हाला फोन केला होता, त्यामुळे यातली निम्मी कामं आता झाली आहेत. बाकीच्यांना उपयोग व्हावा म्हणून इथे लिहिते.

मी वकील नाही. सीबीएस बसस्थानकाजवळ, जिल्हा न्यायालयाबाहेर, 31 वर्षं टंकलेखन केलं. लोकांचे अर्ज टाइप करता करता या कामात ओढली गेले. सुरुवातीच्या काळातली एक आई आठवते. तिच्या मुलाला शहरातल्याच एका ठाण्यात मारलं होतं. मी चार पानी अर्ज बडवला, ‘अमानुष’, ‘पाशवी’ असे शब्द घालून. स्वतःवर खूश होते. पुढे दवाखान्याचा केस पेपर निघाला. त्यावर लिहिलेलं : जिन्यावरून पडल्याने दुखापत. डॉक्टरांनी ‘काय झालं?’ विचारलं तेव्हा सोबत हवालदार उभा होता, आणि घाबरून आईनेच तसं सांगितलं होतं. चार पानं त्या एका ओळीपुढे टिकली नाहीत. तेव्हापासून मी आधी केस पेपर मागते, मग टाइप करायला बसते.

तुम्ही मुलाला गल्लीतल्या डॉक्टरकडे नेलंत, त्यांनी गोळ्या दिल्या. बरं केलंत, पण तेवढ्याने भागत नाही. सरकारी रुग्णालयात जाऊन ‘पोलिसांनी मारलं’ असं स्पष्ट सांगायचं आणि एमएलसी, म्हणजे पोलिसांशी संबंधित दुखापतीची रुग्णालयातली कायदेशीर नोंद, करून घ्यायची. वळ दोन दिवसांत निळे पडतात, आठवड्यात पिवळे होऊन जातात. तुमच्या मुलीने त्याच रात्री, शेजारी त्या दिवसाचं वर्तमानपत्र ठेवून पायाचे फोटो काढले. पोरगी हुशार आहे.

आता ‘चौकशीला नेलं’चं. कायद्यात ‘उचलणे’ हे क्रियापदच नाही. एक तर लेखी नोटीस देऊन बोलवायचं, आणि मग माणूस उठून घरी जायला मोकळा असतो. नाहीतर अटक. अटक असेल तर तिचं कारण सांगायचं, घरच्यांना कळवायचं, पंचनाम्यावर घरातल्या किंवा वस्तीतल्या कुणा प्रतिष्ठिताची सही घ्यायची आणि 24 तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करायचं, प्रवासाचा वेळ धरायचा नाही. यातलं बरंचसं सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये डी. के. बसू खटल्यात घालून दिलं. तो खटला म्हणजे मुळात पश्चिम बंगालमधल्या बसूंनी 1986 मध्ये सरन्यायाधीशांना लिहिलेलं एक पत्र. कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्यांबद्दलचं. न्यायालयाने तेच याचिका म्हणून दाखल करून घेतलं. टायपिस्ट बाईला हे सांगताना अंगावर मूठभर मांस चढतं, माफ करा.

तुमचा अर्ज मी दीड पानात बसवला. विशेषणं सगळी काढली. त्याऐवजी मुलाला विचारलं, तिथे काय दिसलं? तो म्हणाला, टेबलाच्या काचेखाली गणपतीचा फोटो आहे आणि कोपऱ्यात तडा गेलाय. जो त्या खोलीत गेलाच नाही त्याला हे कसं ठाऊक असेल? हे वाक्य अर्जात आहे. दुसरं वाक्य कॅमेऱ्याचं. डिसेंबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात, लॉकअपबाहेरसुद्धा, कॅमेरे बसवायला आणि चित्रण 18 महिने, निदान वर्षभर तरी राखायला सांगितलंय. सिंहस्थासाठी शहरभर कॅमेऱ्यांची चर्चा चालू आहे, आपल्याला हवा तो तेवढा त्या दारावरचा. म्हणून ‘अमुक रात्रीचं चित्रण जपून ठेवा’ हे आजच लेखी मागायचं.

अर्ज पोलीस आयुक्तांना द्या, पोच घ्या. शिक्का आणि आवक क्रमांक नसलेला कागद माझ्या लेखी रद्दीच. एक प्रत राज्य मानवी हक्क आयोगाला पाठवा. तिथे फी नाही, मात्र घटनेपासून वर्षाच्या आत जायला हवं. कबुलीसाठी मारहाण हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 120 खाली गुन्हा आहे, 7 वर्षांपर्यंत शिक्षेचा. वकिलासाठी 15100 वर फोन करा, विधी सेवा प्राधिकरण विचारपूस करून मार्ग दाखवतं.

आणि गोवण्याची भीती? ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. गोवतात. पण एकट्याने गेलेल्या माणसाला गोवणं सोपं असतं. अर्ज द्यायला चाळीतले पाच जण घेऊन जा, त्यात दोन बायका असू द्या. घोषणा नकोत. कुणी तुरुंगात जाईल असं आश्वासन मी देत नाही. माझ्या पाहण्यात बहुतेक वेळा खात्याअंतर्गत चौकशी लागते, फार तर बदली होते. पण ज्याच्या नावाने पोच निघाली आहे, त्या पोराच्या दारात रात्री साडेदहाला गाडी सहसा पुन्हा उभी राहत नाही.

प्रश्न : आमच्या कॉलनीत तीन घरफोड्या झाल्या. चोर धरले की तुमच्यासारखे लोक मानवी हक्क घेऊन उभे राहतात. मार दिल्याशिवाय चोर कबूल होतो का? — इंदिरानगरच्या एक गृहिणी

उत्तर : कबूल होतो की. मी झाले असते, तुम्हीही झाला असतात. पण पोलिसांपुढची कबुली न्यायालयात पुरावा ठरत नाही. त्या सांगण्यावरून काही सापडलं तर तेवढाच भाग चालतो. हे आजचं नाही, इंग्रजांच्या 1872 च्या पुरावा कायद्यातही हेच होतं. स्वतःच्याच पोलिसांवर त्यांचा भरवसा नव्हता. 1871 मध्ये मात्र त्यांनी अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा 1952 मध्ये गेला, पण घरफोडी झाली की पोलिसांची पहिली गाडी अजूनही त्या भटक्या जमातींच्या पालांकडेच वळते. तोवर खरा चोर तुमचे दागिने विकून मोकळा होतो.

तुमच्या तिन्ही घरफोड्यांचे गुन्हे नोंदले का? फिर्यादीची प्रत फुकट मिळते, ती मिळाली का? नसेल तर एखाद्या दिवशी दुपारी या. अर्ज मी टाइप करून देते.