शब्दशंका : शाम्पू दाबायचा की लावायचा?

प्रश्न : ‘शाम्पू’ हा इंग्रजी शब्द मूळचा आपल्याकडचा, हे खरे का? आणि तो क्रियापद म्हणून कसा वापरावा?

उत्तर : खरे आहे. हिंदीत ‘चाँपना’ म्हणजे दाबणे, आपल्या ‘पाय चेपणे’तले चेपणे. त्याचे आज्ञार्थी रूप ‘चाँपो’. ते ऐकून इंग्रजांनी क्रियापद केले. 1762 पासून ते लेखनात सापडते. पण तेव्हा अर्थ होता अंग रगडणे. केसांचा संबंधच नव्हता! पाटण्याचे शेख दीन मुहम्मद यांनी एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या ब्रायटनला वाफारा देऊन अंग रगडण्याचे स्नानगृह चालवले, तेही ‘शाम्पूइंग’च. केस धुण्याचा अर्थ 1860च्या सुमारास आला, आणि बाटलीतल्या द्रवाला हे नाव मिळाले ते त्याच्याही नंतर.

आता वापर. आपण ‘केसांना शाम्पू केला’ म्हणतो, म्हणून इंग्रजीतही ‘आय डिड शाम्पू टू माय हेअर’ असे तोंडून निघते. ते चूक. हे सकर्मक क्रियापद आहे, कर्म थेट पुढे येते: ‘आय शाम्पूड माय हेअर’. भूतकाळ लिहिताना शेवटचे दोन्ही ‘ओ’ ठेवून पुढे ‘ई-डी’ जोडा. एक ‘ओ’ हमखास गळतो. गालिचा किंवा कुत्रा धुतानाही हेच क्रियापद चालते.