कोकणात राहून पाळीव प्राण्यांच्या आजारपणाची आणि आणीबाणीची खात्रीशीर माहिती कुठून मिळवावी?

आपण विचारले आहे की, पुण्याहून गुहागरजवळच्या गावी कायमचे राहायला आल्यावर कुत्रा आणि मांजर यांच्या आरोग्याबद्दल भरवशाची माहिती कुठे मिळेल, कारण मोबाइलवर शोधले तर एकाच प्रश्नाला दहा परस्परविरोधी उत्तरे येतात आणि जवळचा दवाखाना गुरांचा आहे. मी पशुवैद्यक नाही. याच तालुक्यात बारा वर्षे कुत्री-मांजरे पाळताना जे पाहिले आणि जिथे स्वतः चुकलो, त्यावरून लिहितो.

आमच्या कुत्रीने एकदा पडवीत ठेवलेल्या उंदराच्या औषधाच्या वड्या खाल्ल्या. मी लगेच मोबाइलवर शोधले आणि ‘चोवीस तासांत काही झाले नाही तर धोका टळला’ असे वाचून निर्धास्त झालो. दोन दिवस ती नेहमीसारखी खेळली, जेवली. तिसऱ्या दिवशी तिच्या हिरड्या पांढऱ्या पडल्या आणि नाकातून रक्त येऊ लागले. चिपळूणला नेल्यावर डॉक्टरांनी सर्वप्रथम विचारले की वेष्टनावर कोणते नाव होते, आणि ते वेष्टन मी पालापाचोळ्याबरोबर जाळून टाकले होते. झिंक फॉस्फाइड हे काळ्या पुडीचे विष बहुधा काही तासांतच लक्षणे दाखवते. ब्रोमाडिओलोन हे उंदरांचे दुसरे विष मात्र शरीरातील ‘के’ जीवनसत्त्वाचे काम रोखते, त्यामुळे रक्त गोठवणारे घटक हळूहळू संपत जातात आणि रक्तस्राव दोन ते पाच दिवसांनी सुरू होतो. ‘के १’ जीवनसत्त्व तिला काही आठवडे द्यावे लागले आणि ती वाचली. मी वाचलेली माहिती सर्वस्वी खोटी नव्हती. ती दुसऱ्या विषाची होती.

तेव्हापासून कोणतीही माहिती वाचताना ती कोणत्या प्राण्याला, कोणत्या पदार्थाला आणि कोणत्या प्रदेशाला लागू आहे, हे मी आधी पाहतो. गोचिडांसाठी कुत्र्याच्या पाठीवर सोडायच्या काही औषधांत परमेथ्रिन असते. कुत्र्याला ते चालते, परंतु मांजराला त्याने झटके येऊन मृत्यू येऊ शकतो. पॅरासिटामॉलचेही तसेच आहे. मांजराच्या यकृताला ते निर्विष करून बाहेर टाकता येत नाही, त्यामुळे तापासाठी दिलेली एक गोळीसुद्धा त्याच्या जिवावर बेतते. अमेरिकी संकेतस्थळांवर गोचीड म्हटले की लाइम रोगाची चर्चा असते. आपल्याकडे गोचीड चावलेल्या कुत्र्याला ताप आला, तो खाईनासा झाला किंवा त्याची लघवी लालसर झाली, तर डॉक्टर प्रथम एर्लिकिया आणि बबेसिया या गोचिडांतून पसरणाऱ्या रक्तातील जंतूंची तपासणी सुचवतात. सापांच्या बाबतीत तर परदेशी माहिती जवळजवळ निरुपयोगी आहे. आपल्या कातळाच्या सड्यावर फुरसे आहे, आणि भारतात मिळणारी प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालते; झाडीतल्या हिरव्या चापड्यावर ती चालत नाही. म्हणून साप दुरून ओळखता आला किंवा त्याचे छायाचित्र घेता आले तर उत्तम, पण त्यासाठी त्याच्या मागे धावू नये, चावलेली जागा कापू किंवा आवळू नये आणि मांत्रिकाकडे वेळ दवडू नये.

वाचण्यासाठी मी स्वतः मुख्यतः दोनच ठिकाणी जातो. मर्क व्हेटरनरी मॅन्युअल हा ग्रंथ १९५५ पासून निघतो; तो आंतरजालावर विनामूल्य आहे आणि त्यात प्राणी पाळणाऱ्यांसाठी सोप्या भाषेतला स्वतंत्र विभाग आहे. विषारी झाडांसाठी अमेरिकेतील एएसपीसीए या प्राणिकल्याण संस्थेची यादी चांगली आहे. आपल्या परसातली कण्हेर, एरंड आणि शोभेचे सायकस ही तिन्ही तिच्यात सापडतात. (त्यांच्या दूरध्वनी सेवेचा मात्र आपल्याला इथून उपयोग नाही.) दोन्ही इंग्रजीत आहेत, हे खरे. मराठी चित्रफितींबद्दल माझे मत फारसे बरे नाही: जी चित्रफीत मिठाचे पाणी पाजून उलटी करवायला सांगते, ती तिथेच बंद करावी. मीठ स्वतःच घातक ठरू शकते, आणि रॉकेल किंवा ॲसिड पोटात गेले असेल तर उलटीने घसा व फुप्फुसे आणखी पोळतात.

तथापि आणीबाणीत वाचनाचा उपयोग थोडाच. त्या वेळी कोण फोन उचलेल आणि तिथे पोहोचायला किती वेळ लागेल, एवढेच महत्त्वाचे असते, आणि ते कोणत्याही संकेतस्थळावर नसते. म्हणून प्राणी धडधाकट असताना, लसीकरणाच्या निमित्ताने, गावच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात एकदा जाऊन यावे. तिथे पदवीधर पशुवैद्यक बसतात की पर्यवेक्षक, ते कोणत्या वारी असतात, कुत्र्याला सलाइन लावतात का, सर्पदंशाची लस जवळपास कुठे मिळते, हे संकोच न करता विचारावे. गुरांचे डॉक्टर म्हणून त्यांना कमी लेखू नये. आमच्या मांजराची अडकलेली लघवी अशाच एका डॉक्टरांनी रात्री मोकळी केली होती. (बोका वारंवार जोर लावतो आहे आणि लघवी होत नाही, असे दिसले तर सकाळची वाट पाहू नये.) खासगी डॉक्टरांकडे जाताना त्यांची नोंदणी महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेकडे आहे का, हे पाहावे. १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय सेवेचा टोल फ्री क्रमांकही जवळ असावा, परंतु ती सेवा प्रामुख्याने गुराढोरांसाठी आहे, तेव्हा कुत्र्यामांजरासाठी काय मिळेल हे आधीच विचारून ठेवलेले बरे.

फोनवर ‘कसंतरीच करतोय’ असे सांगितले तर समोरचा माणूस काहीही ठरवू शकत नाही. वजन, हिरड्यांचा रंग, मिनिटाला श्वास किती आणि गुदद्वारातून घेतलेले तापमान, एवढे सांगता आले की बोलणे पुढे सरकते. निरोगी कुत्र्याचे तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, म्हणजे आपल्या हिशेबाने तो तापलेलाच वाटतो. विश्रांतीत श्वास मिनिटाला १५ ते ३० असतो. काही पोटात गेले असेल तर वेष्टन सोबत न्यावे. आंब्याच्या हंगामात दोन प्रश्न हमखास विचारले जातात, तेव्हा उत्तरे तयार ठेवावीत: बागेत कोणती फवारणी झाली, आणि कुत्र्याने कोय गिळली का. गिळलेली कोय आतड्यात अडकू शकते, आणि वारंवारच्या उलट्या हेच बहुधा तिचे पहिले लक्षण असते.

पिसाळलेल्या किंवा अनोळखी कुत्र्याने आपल्या कुत्र्याला चावा घेतला, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी, शक्यतो हातमोजे घालून, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. आपल्यालाही ओरखडा किंवा लाळ लागली असेल, तर तेवढाच वेळ धुऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. अशा चाव्यात वाट पाहण्यासारखे काही नसते.

पावसाळ्यात वीज गेली की इथे पाठोपाठ मोबाइलची रेंजही जाते, म्हणून हे सारे मी कागदावर लिहून स्वयंपाकघराच्या दाराआड चिकटवले आहे: डॉक्टरांचे क्रमांक, दोन्ही प्राण्यांची वजने, लसींच्या तारखा, रात्री गाडी काढणाऱ्या शेजाऱ्याचे नाव. रत्नागिरीचे डॉक्टर नकाशावर जवळ दिसतात, पण तवसाळ-जयगड फेरीबोट रात्रभर चालत नाही आणि रस्त्याने वळसा मोठा पडतो. तिच्या शेवटच्या फेरीची वेळ त्या कागदावर सर्वांत वर, लाल शाईने लिहिली आहे.