जपानमधल्या शिंतो देवळांत जुन्या कवींची चित्रं का लावलेली असतात? त्यांची पूजा होते का?

नाही, चित्रांची पूजा नाही होत, ती चित्रंच देवाला वाहिलेली असतात, म्हणजे आपण नवस फेडताना घंटा वाहतो ना तसंच काहीसं समजा. हे बहुतेक '३६ काव्यश्रेष्ठ' असतात, अकराव्या शतकाच्या सुरुवातीला फुजिवारा नो किंतो नावाच्या दरबारी विद्वानाने निवडलेले, त्यात ओनो नो कोमाचीसारख्या ५ बायका पण आहेत. लाकडी फळीवर एकेकाचं चित्र आणि त्यावर त्याची ३१ अक्षरांची कविता.

आता कवीच का, तर ९०५ च्या सुमाराच्या 'कोकिनशू' या संग्रहाच्या प्रस्तावनेतच म्हटलंय की कविता कसलंही बळ न लावता स्वर्ग-पृथ्वी हलवते आणि न दिसणाऱ्या देवांच्याही काळजाला हात घालते, मग देवाला आवडेल असं याहून चांगलं काय देणार! मला तर हे फारच सुंदर वाटतं.

टोकियोजवळच्या कावागोए शहरातल्या सेन्बा तोशोगू देवळामधला, इवासा माताबेई या चित्रकाराने काढलेला १६४० चा सेट नक्की शोधून बघा, माणसं अगदी जिवंत वाटतात. आणि हो, यातल्या हितोमारोला मात्र खरंच देव मानतात, आकाशी शहरात त्याचं स्वतःचं देऊळ आहे.