खासगी जेटचा खर्च: वैमानिकाने कुठे लक्ष ठेवायचं?

प्रश्न: माझ्या मुलीकडे सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचा परवाना) आहे, मध्यम आकाराच्या एका जेटचं टाइप रेटिंगही (त्या प्रकारचं विमान उडवण्याची पात्रता) झालंय. एका उद्योजकाच्या विमानावर को-पायलटच्या जागेसाठी मुलाखत झाली. 'वर्षाचा खर्च आटोक्यात ठेवायला काय कराल?' असं विचारलं आणि तिला काहीच सांगता आलं नाही. वैमानिकाने विमान उडवायचं की हिशेब ठेवायचे? (एक पालक, सांगली)

उत्तर: दोन्ही करायचं. एअरलाइनमध्ये इंधन, देखभाल, हँडलिंग (विमानतळावर विमानाला लागणाऱ्या सेवा) अशी वेगवेगळी खाती असतात. एकाच मालकाच्या एकाच विमानावर ही सगळी कामं बहुतेक वेळा दोन-तीन वैमानिक, एक इंजिनिअर आणि मालकाचा अकाउंटंट यांच्यातच वाटलेली असतात. प्रश्न अगदी रास्त होता.

हँगर, विमा, पगार, सिम्युलेटर प्रशिक्षण, दर 28 दिवसांनी बदलायचा नेव्हिगेशन डेटा हा खर्च विमान नुसतं उभं असलं तरी होतो. समजा तो वर्षाला 4 कोटी आहे. विमान 200 तास उडालं तर तासामागे 2 लाख पडतात, 100 तास उडालं तर 4 लाख. इंधन, लँडिंग, हँडलिंग आणि इंजिन प्रोग्रॅमचा (उडालेल्या तासांप्रमाणे पैसे भरून इंजिनची देखभाल करून घ्यायचा करार) ताशी हप्ता यावर वेगळा. म्हणून 'तासाला किती पडतं?' याचं उत्तर वर्षाचे तास कळल्याशिवाय देऊ नये. तास वाढवायला ओळखीच्यांना पैसे घेऊन न्यावं, असं कुणी सुचवलं तर स्पष्ट नकार द्यायचा. खासगी नोंदणीच्या विमानाला भाडं घेता येत नाही, त्यासाठी डीजीसीएचं, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाचं, नॉन-शेड्युल्ड (वेळापत्रकाशिवायच्या भाड्याच्या उड्डाणांचं) परमिट लागतं.

वैमानिकाच्या हातात सगळ्यात जास्त असतं ते इंधन. ते जीएसटीबाहेर आहे, राज्याराज्यात व्हॅट वेगळा आणि किंमत दर महिन्याच्या 1 तारखेला बदलते. स्वस्त ठिकाणी जास्त भरून न्यावं, हे लगेच सुचतं. पण जादा वजन वाहून न्यायलाही इंधन जळतं: जादा भरलेल्याच्या ताशी साधारण 3 ते 4 टक्के. 600 किलो म्हणजे सुमारे 750 लिटर जादा घेतलं आणि उड्डाण दीड तासाचं असेल, तर 36 किलोपर्यंत, म्हणजे 45 लिटर वाटेतच संपतं. लिटरमागे 10 रुपये वाचत असतील तर बचत दिसते 7,500 ची. 100 रुपये दराने ते 45 लिटर वजा केले की उरतात 3,000. त्यात उतरताना वजन कमाल मर्यादेच्या वर गेलं तर इंधन जाळत घिरट्या घालाव्या लागतात. पावसाळ्यात ओल्या, आखूड धावपट्टीवर जड विमान थांबायला जास्त अंतर घेतं. आणि उंचावर गार झालेलं इंधन पंखात भरपूर उरलं, तर दमट हवेत उतरल्यावर पंखावर बर्फाचा थर धरू शकतो. हे सगळं कागदावर मांडून मगच टाकी भरायची.

रिकाम्या फेऱ्यांचंही तसंच. मालक दोन रात्री दिल्लीत असेल तर विमान मुंबईला परत आणून पुन्हा न्यायचं म्हणजे दोन उड्डाणं, चारेक तासांचं इंधन आणि दोन जादा लँडिंग. त्यापुढे पार्किंग आणि वैमानिकांचं हॉटेल बहुधा स्वस्तच पडतं. मुंबईला पार्किंग मिळणं अवघड असतं, म्हणून प्रवासाचा दिवस ठरताच अर्ज करायचा. उशीर झाला की मालकाला उतरवून विमान दुसऱ्या गावी उभं करायला न्यावं लागतं.

दुरुस्तीत पैसा जातो तो दिरंगाईने. एमईएलनुसार (कोणता बिघाड असताना किती दिवस उडता येतं, याची मंजूर यादी) 'सी' वर्गातला बिघाड 10 दिवस पुढे ढकलता येतो. भाग पहिल्या दिवशीच मागवायचा. नवव्या दिवशी मागवला तर तातडीचं कुरिअर आणि कस्टम्स यांचे पैसे जातातच, वर विमान जमिनीवर अडकतं. इंजिन प्रोग्रॅममध्ये वर्षाचे किमान तास किती, हेही करारात वाचावं, कारण विमान कमी उडालं तरी तेवढे पैसे भरावे लागतात.

बिलं तपासणं कंटाळवाणं आहे, पण तिथे हमखास काहीतरी सापडतं: विमान एपीयूवर (विमानातलंच वीज देणारं छोटं इंजिन) असताना लावलेलं ग्राउंड पॉवरचं (बाहेरून दिलेल्या विजेचं) शुल्क, चुकीच्या वजनावर लावलेलं लँडिंग शुल्क, एकच हँडलिंग दोनदा. प्रत्येक थांब्याची वेळ आणि घेतलेली सेवा तिने त्याच दिवशी लिहून ठेवावी. इंधनाच्या पावतीवरचे लिटर घनतेने गुणून गेजवरच्या किलोंशी ताडून पाहावेत. पुरवठादाराकडून कमिशन कधीही घेऊ नये. या क्षेत्रात माणसं मोजकी आहेत, गोष्ट लपत नाही.

काही खर्चांना मात्र हात लावायचा नाही. पर्यायी विमानतळापर्यंतचं इंधन, त्यावर 30 मिनिटांचा अंतिम राखीव साठा, वैमानिकांच्या विश्रांतीचे तास आणि सिम्युलेटर. मालकाने 'आज चालवून घ्या' म्हटलं तरी नाही. मुलाखतीत हे आपणहून सांगावं. जाणकार मालकाला तेच ऐकायचं असतं.

पुढच्या मुलाखतीआधी तिला एक काम द्या. तिच्या टाइपच्या फ्लाइट मॅन्युअलमधून मुंबई-दिल्ली-मुंबईचा हिशेब एका पानावर मांडायचा: इंधन लिटरमध्ये, लँडिंग, पार्किंग, हँडलिंग, इंजिनचा ताशी हप्ता. एकदा दिल्लीत दोन रात्री थांबून, एकदा रिकामं परत येऊन. ते पान सोबत न्यायला सांगा.